दोन खड्ड्यांचा संडास: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून झाल्यावर

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला आमचं घर. परसात बांधलेला दोन खड्ड्यांचा संडास चौदा महिने झाले वापरतोय, घरात माणसं पाच. बांधायच्या आधी मी पुष्कळ विचारपूस केली, पण आपल्याकडचा पावसाळा काढून मग सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सेप्टिक टाकी होती आणि तिचा पाईप सरळ गटारीत सोडलेला. त्यात काही चूक आहे असं तेव्हा आम्हाला वाटतच नव्हतं, गल्लीत सगळ्यांचं तसंच. टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी काविळीचे, विषमज्वराचे जंतू त्यात असतातच. ते शोषखड्ड्यात मुरायला पाहिजे. गटारीतून ते नाल्याला जातं. बळ्ळारी नाला बेळगावचं सांडपाणी घेऊन वडगाव-शहापूरच्या शिवारातून जातो, पुढं मार्कंडेय नदीला मिळतो, आणि जोराचा पाऊस लागला की भातात पसरतो. त्या चिखलात गुडघाभर उभ्या राहून बायका रोप लावतात. माझं माहेरचं शेत तिथंच आहे, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात टाकीचं पाणी उलटं न्हाणीत आलं. पुढच्या महिन्यात धाकट्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

तर आता नव्या संडासाबद्दल. वापर एका वेळी एकाच खड्ड्याचा. तो साधारण तीन वर्षांनी भरला की चेंबरमधून, म्हणजे भांड्याचा पाईप दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या छोट्या हौदातून, वाट बदलायची आणि दुसरा सुरू करायचा. भरलेला खड्डा निदान दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याची माती होते आणि रोगजंतू मरतात, जंतांची अंडी तेवढी सगळ्यात चिवट. म्हणजे ओला मैला उपसायला कुणालाही आत उतरवावं लागत नाही. २०१३ च्या कायद्यानं माणसाकडून मैला उपसून घेणं गुन्हा आहे, तरी टाक्या उपसताना माणसं गुदमरून मरतातच. माझ्या घरासाठी कुणी त्या टाकीत उतरू नये, हे माझं पहिलं कारण होतं.

गवंडीमामांना हे पटवताना नाकीनऊ आले. ते म्हणाले, "ताई, मोठी टाकी करूया, पाईप गटारीला सोडूया, वीस वर्षं बघायला नको." पंचायतीतून कानडी पत्रक मिळालं होतं, ते शेजारच्या अक्कांकडून वाचून घेतलं आणि मापं कागदावर काढून दिली: खड्डा तीन फूट खोल, तेवढाच रुंद, विटांची जाळी, तळ उघडा, दोन खड्ड्यांत तीन फुटांवर अंतर. तरी चेंबरमधली दोन्ही तोंडं उघडीच ठेवली होती, "दोन्ही भरू देत की" म्हणून. दोन्ही एकदम भरले तर विसावा कुठल्या खड्ड्याला मिळणार? दुसऱ्या दिवशी एका तोंडाला वीट लावून घेतली. बांधणाऱ्यांनी चेंबर बंद व्हायच्या आधी स्वतः वाकून बघावं.

खरी परीक्षा जुलैत झाली. पुनर्वसूचा पाऊस लागला आणि भांड्यातलं पाणी खाली उतरेना. आमची जमीन काळी, पाणी लवकर पीत नाही, हे माहीत होतं. पण चेंबर उघडलं तर आत साबणाचा फेस. न्हाणीचा पाईप त्यातच जोडलेला! पाच माणसांच्या आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी रोज त्या तीन फुटी खड्ड्यात जात होतं. तो पाईप तोडून न्हाणीसाठी दगडगोट्यांचा वेगळा शोषखड्डा केला, मोरीचं पाणी केळी आणि अळूला वळवलं. दोन्ही खड्ड्यांची तोंडं एक फूट उंच उचलून भोवती मातीचा भराव घातला, पावसाचं वाहतं पाणी आत येऊ नये म्हणून. चार दिवसांत उतार पडला. नंतर आश्लेषा, मघा दोन्ही बिनतक्रार गेल्या.

वास नाही. वायू मातीतच मुरतो, उंच पाईप लागत नाही. भांडं जास्त उताराचं असल्यानं दीड-दोन लिटर पाणी पुरतं, पूर्वी बादली ओतावी लागायची. मे महिन्यात टँकरची वाट बघताना याची किंमत कळली. ॲसिड आम्ही पूर्ण बंद केलं, कारण मैला कुजवणारे जीवाणू त्यानं मरतात. ब्रशनं घासलं की भागतं. पॅड किंवा प्लास्टिक आत टाकायचं नाही, हे पाहुण्यांनाही सांगावं लागतं. उणीव एकच, सासूबाईंच्या गुडघ्यांना बसकं भांडं जड जातं. त्यांच्यासाठी भिंतीला लोखंडी दांडा बसवलाय, तरी त्रास आहेच.

विहीर खड्ड्यांपासून चाळीस फुटांवर, वरच्या अंगाला. बारा वर्षं तिचंच पाणी पितो. बांधायच्या आधीच्या ऑगस्टमध्ये पाणी तपासायच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काळं पडलं होतं, म्हणजे मैल्याचा अंश. गेल्या ऑगस्टमध्ये तसंच ठेवलं, दोन दिवस काळं पडलं नाही. एका बाटलीवर मी निर्धास्त होत नाही, अजून पाणी उकळूनच पितो, आणि पावसाळा लागला की पुन्हा तपासणार.

नाल्याकाठच्या सखल भातजमिनीत घर असेल तर हा नमुना आहे तसा बांधू नका. तिथं पावसाळ्यात पाणी वीतभर खालीच असतं, खड्डा त्यात बुडून राहतो आणि सगळं थेट भूजलात उतरतं. उंच चौथरा करून खड्डे वर घ्यावे लागतील, खर्च वाढेल, पण तसंच करून घ्या.

पहिल्या खड्ड्याच्या झाकणावर मी ऑइलपेंटनं सुरू केल्याची तारीख लिहिलीय. दुसऱ्याच्या झाकणावरची जागा मोकळी ठेवलीय.