दहा मीटर एअर रायफलसाठी छऱ्यांची निवड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परदेशांत जे नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतः भरतात, ते अचूकतेसाठी बारूद निवडण्यात वर्षे घालवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे सामान्य नेमबाजापुढे तो प्रश्न उभाच राहत नाही. पण एअर रायफल चालवणाऱ्यापुढे त्याच जातीचा एक प्रश्न रोज असतो आणि त्याकडे आपल्या भागात फार कमी लक्ष दिले जाते. येथे बारुदाची जागा दाबाखालच्या हवेने घेतलेली असते, हवेचा दाब रायफलमधला रेग्युलेटर ठरवतो, आणि नेमबाजाच्या हाती निवडण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे छर्रा. दिवाळीनंतर मी निरनिराळ्या छऱ्यांची पारख सुरू केली. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग त्यांच्यासोबत काढल्यानंतर जे समजले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

परभणीत आमचा सराव एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये चालतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक मिळवल्यापासून आमच्याकडे येणारी मुले वाढली आहेत. या मुलांचे पालक जॅकेट, बूट, ग्लोव्ह यांची चौकशी बारकाईने करतात. छऱ्यांच्या बाबतीत मात्र ‘सर, स्वस्तातली कोणती डबी घेऊ?’ एवढाच प्रश्न येतो. प्रश्न गैर नाही, कारण सराव करणाऱ्या मुलाच्या डब्या भराभर संपतात. तरीही त्याचे उत्तर किमतीवरून देता येत नाही, हे मला प्रत्येक पालकाला समजावून सांगावेसे वाटते.

छऱ्याचा फरक किती पडतो, हे आधी आकड्यांत पाहू. दहा मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरने बाहेर जाते. दशांश गुणांकनात १०.९ (एका शॉटचे सर्वाधिक गुण) पासून खाली येणारा प्रत्येक दशांश म्हणजे मध्यबिंदूपासून पाव मिलिमीटर. आता समजा, रायफल पक्की बांधून एकाच जातीचे दहा छर्रे मारले आणि सगळ्यांचे मिळून पडलेले भोक बाहेरच्या कडांपासून साडेसात मिलिमीटर भरले. छऱ्याची स्वतःची जाडी साडेचार मिलिमीटर, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचा फैलाव तीन मिलिमीटर झाला. अशा छऱ्याने नेम अगदी मधोमध धरला, ट्रिगर निर्दोष दाबला, तरी एखादा शॉट १०.४ वर जाऊ शकतो आणि त्यात नेमबाजाचा काहीच दोष नसतो. तेच भोक साडेपाच मिलिमीटरचे असेल तर नुकसान फार तर एका दशांशापर्यंत राहते. साठ शॉटच्या स्पर्धेत सरासरी दोन दशांश जरी केवळ छऱ्यापायी गेले, तरी बारा गुण गेले. पात्रता फेरीत एवढ्या अंतरात किती नावे बसतात, हे स्पर्धेला गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

वेगाचा हिशेबही असाच आहे. मॅच रायफलमधून सुमारे ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे सतरा मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. एखादा छर्रा नळीत थोडा घट्ट किंवा सैल बसल्यामुळे १६७ च्या वेगाने निघाला, तर तो आणखी सहा दशांश मिलिमीटर खाली लागेल, म्हणजे दोनाहून अधिक दशांशांचा फरक. बारूद भरणारे ज्या समान वेगासाठी धडपडतात, तोच समान वेग आपल्याला छऱ्याच्या मापातून आणि वजनातून मिळवावा लागतो.

वापरलेले सर्व छर्रे साडेचार मिलिमीटरचे आणि चपट्या डोक्याचे होते. कागदावर स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी हाच आकार लागतो. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना वाद होतो. आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन हे जर्मन, जेएसबी हा चेक, यांची मॅच दर्जाची मालिका आपल्याकडे स्पर्धक नेमबाज वापरतात, आणि त्याखेरीज देशी बनावटीचे सरावाचे छर्रे मिळतात. माझ्या रायफलला यांतला कोणता मानवला, ते नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर वाचणारा तीच डबी मागवेल, आणि त्याच्या नळीला कदाचित ती अजिबात चालणार नाही. आमच्याच शेडमधल्या दोन रायफली एकाच कंपनीच्या आणि एकाच नमुन्याच्या आहेत, एकीला ४.४९ मिलिमीटर डोक्याचा छर्रा उत्तम लागतो, दुसरीला तोच विखुरतो आणि ४.५० चा एकवटतो. शंभरांश मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण कागदावर स्पष्ट दिसतो.

पारख करण्याची पद्धत मी शेवटपर्यंत एकच ठेवली. जाड लोखंडी टेबल जमिनीत पक्के केले, त्यावर वाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) बसवला आणि रायफलची नळी मोकळी ठेवून केवळ मधला भाग लाकडी गुटक्यांमध्ये धरला, कारण नळी आवळली की तिची कंपने बदलतात आणि निकाल खोटा येतो. छऱ्याची जात बदलल्यावर पहिले काही शॉट मोजणीत धरले नाहीत. आधीच्या छऱ्याचे शिसे नळीत असते आणि नव्या छऱ्याला स्थिर व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यानंतर दहा-दहा शॉटचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांचे पुंजके, घेतले. पाच शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. पाच छर्रे योगायोगाने एका भोकात जाऊ शकतात. दहा छर्रे पुन्हा पुन्हा एका भोकात जात असतील तरच तो छर्रा त्या नळीचा. भोकाची बाहेरची मापे वर्निअर कॅलिपरने घेऊन प्रत्येक कागदावर डबीचा लॉट क्रमांक (कारखान्यातल्या एका खेपेचा क्रमांक) आणि शेडमधले तापमान लिहून ठेवले.

लॉट क्रमांकाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन डब्या वेगवेगळ्या लॉटच्या असतील, तर त्यांच्या ग्रुपमध्ये मला जो फरक दिसला, तो कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या छऱ्यांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. पॉइंट टू टू रायफलचे नेमबाजही हेच करतात. त्यांची काडतुसे कारखान्यातूनच भरून येतात, बारूद बदलण्याची सोय नसते, म्हणून ते निरनिराळे लॉट तपासून आपल्या रायफलचा लॉट शोधतात आणि सापडला की साठा करतात. आम्हीही आता चांगला लॉट सापडला की त्याच क्रमांकाच्या डब्या एकदमच मागवतो. परभणी, हिंगोली, नांदेड या बाजूला मॅच दर्जाचे छर्रे दुकानात सहज मिळत नाहीत आणि मागवलेला माल यायला वेळ लागतो. स्पर्धेच्या तोंडावर वेगळा लॉट हाती येण्यापेक्षा आधी पैसे गुंतवणे परवडते. मागवताना लॉट क्रमांक विचारून घ्यावा. एका विक्रेत्याने आम्हाला मागितलेल्या क्रमांकाऐवजी दुसराच पाठवला आणि ‘माल तोच आहे’ असे सांगितले. त्या डब्या आम्ही नवशिक्या मुलांच्या सरावाला वापरल्या.

वजनाचा प्रश्न आला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका सराफांनी त्यांचा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा दुपारच्या निवांत वेळी वापरू दिला. महागड्या मॅच छऱ्यांमध्ये वजनाचा फरक इतका कमी निघाला की ते वेगळे काढण्यात अर्थ नव्हता. स्वस्त छऱ्यांमध्ये मात्र वजनाने निवडून घेतलेले छर्रे न निवडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जवळ लागले. ज्या मुलांना महाग डबी परवडत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे. त्याहूनही सोपे काम म्हणजे डोळ्यांनी पाहणे. छऱ्याची मागची बाजू पोकळ आणि पातळ असते, तिला सगळे स्कर्ट म्हणतात. हवा याच भागाला फुगवून नळीच्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, दाबते. भिंगाखाली धरल्यावर काही छऱ्यांच्या स्कर्टच्या कडेला नखाच्या टोकाएवढी चेप दिसते, क्वचित आत शिशाची बारीक कीस अडकलेली असते. असा छर्रा मुद्दाम मारून पाहिला तेव्हा तो ग्रुपच्या बाहेर, एकटा लागला. प्रवासात डबी आदळून असे छर्रे वाढतात, म्हणून डबीत वरून स्पंजची चकती घालावी आणि बसच्या प्रवासात ती कपड्यांच्या मधोमध ठेवावी.

आपल्या हवामानाचा परिणाम छऱ्यापेक्षा रायफलच्या दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर जास्त होतो. परभणीत डिसेंबरच्या पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली जाते आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीसच्या वर चढते. वीस अंशांना दोनशे बार भरलेला सिलिंडर बेचाळीस अंशांना सुमारे दोनशे पंधरा बार दाखवतो. म्हणून उन्हाळ्यात सिलिंडर काठोकाठ भरू नये, उभ्या गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये आणि त्यावर कोरलेली मुदत तपासावी. उत्पादनापासून दहा वर्षे उलटलेला सिलिंडर वापरू नये. रेग्युलेटर चांगला असेल तर ग्रुपचा आकार उन्हाळ्यात बिघडत नाही, फक्त मध्य किंचित सरकतो आणि साइटचे (नेम धरण्याच्या साधनाचे) एखाद-दुसरे क्लिक फिरवून तो जागेवर येतो. पावसाळ्यात सिलिंडर भरण्याच्या हातपंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. छऱ्यांवर मात्र याच काळात पांढुरकी भुकटी धरू लागते; ती शिशाची असते, हाताला लागते आणि नळीतही जाते. सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या आमच्या डब्या पावसाळाभर चकचकीत राहिल्या, तर फळीवर उघड्या राहिलेल्या एका डबीतले छर्रे टाकून द्यावे लागले.

शिशाबाबत मी मुलांशी कठोर वागतो. छर्रा तोंडात धरायचा नाही, शेडमध्ये खायचे नाही, सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. लहान वयात शिसे शरीरात जाणे मेंदूसाठी घातक असते, हे पालकांनाही स्पष्ट सांगावे.

नळी स्वच्छ करण्यासाठी नमद्याच्या गोळ्या पुरेशा ठरल्या. साफसफाईनंतरचे पहिले शॉट नेहमी विखुरले, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी साफ करून तेव्हाच काही छर्रे मारून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीन-चार जातींची एकेक डबी आणावी, शक्य झाल्यास दोन-तीन जणांनी मिळून आणावी, आणि ज्या रायफलने मूल स्पर्धेला उतरणार आहे तीच रायफल बांधून पारख करावी. पहिल्या वर्षी, मुलाचे उभे राहणे आणि श्वासाची लय बसेपर्यंत, देशी छर्रा निवडून वापरणे पूर्णपणे योग्य आहे. शॉट आठ आणि नऊच्या रिंगमध्ये फिरत असताना महाग छऱ्याने काहीही साधत नाही. शॉट सातत्याने दहाच्या आत येऊ लागले की मग मॅच छर्रा घ्यावा. आमच्या दोन रायफलींचे छर्रे आणि लॉट आता ठरले आहेत, त्यांच्या डब्यांवर रायफलीचा क्रमांक रंगाने लिहिला आहे, आणि तिसऱ्या, नव्या आलेल्या रायफलीची पारख या महिन्यात ४.४९ पासून सुरू केली आहे.