साडेचार हजारांचा अभिप्राय

'तुमच्या लेखणीत ताकद आहे' हे एक वाक्य मला साडेचार हजार रुपयांना पडलं.

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगारावरची माझी कादंबरी अडीच वर्षं रखडली होती. साठ हजार शब्द झाले होते, पण मधली चार-पाच प्रकरणं ढिली पडत होती आणि का, ते उमगत नव्हतं. घरात विचारावं तर 'छान आहे'. अशात एका 'साहित्य सल्लागारा'शी गाठ पडली. प्रकरणवार अभिप्राय, पंधरा दिवसांत. पैसे मात्र आगाऊ. यूपीआयवर पाठवले.

तिसऱ्याच दिवशी बारा पानी अहवाल हजर! तेव्हाच शंका यायला हवी होती. पण कौतुक कुणाला नकोसं असतं? मी तो तीनदा वाचला, मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. 'नायिकेची घुसमट काळजाला भिडते' इथं तिनं मला थांबवलं. "ही नायिका कोण?"

कादंबरीत नायिकाच नाही. नायकाची बायको पहिल्या प्रकरणाआधीच वारलेली आहे.

मग नीट पाहिलं. बारा पानांत एकाही पात्राचं नाव नाही, प्रसंग नाही, पान क्रमांक नाही. कुठल्याही कादंबरीला चिकटवावा असा मजकूर.

तोवर पुढची मागणी आली होती. कथानक चोरीला जाईल, कॉपीराइट आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळून साडेआठ हजार. एका छापखानेवाल्या मित्राला विचारलं म्हणून वाचलो. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिताक्षणीच हक्क आपला होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क 500 रुपये. पैसे परत मागितले तर 'अभिप्राय व्यक्तिसापेक्ष असतो' असं उत्तर आलं. नंतर फोन उचलणंच बंद. लाजेपोटी मी तक्रारही केली नाही, ही माझी दुसरी चूक. आधी दहाच पानं देऊन पाहायची, हेही सुचलं नव्हतं.

शेवटी खर्डा शेजारच्या काकांना दिला. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. महिनाभरानं तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवून म्हणाले, "ही दोघं कारखान्यात कुजबुजतायत. माग बंद आहेत का?"

"नाही, चालू आहेत."

"मग ऐकू कसं जातंय? धोट्याच्या खडखडाटात आम्ही खुणांनीच बोलायचो."

तशी सात ठिकाणं निघाली. ती दोघं आता टपरीवर येऊन भांडतात, आणि मधली प्रकरणं हलायला लागली आहेत.