निवृत्तीनंतर पुणे की रत्नागिरी? वाढता जिल्हा आणि रोडावता जिल्हा

साठीला टेकलेल्या कोकणी माणसाच्या घरात हा वाद ठरलेला. पुण्यात मुलाच्या जवळ फ्लॅट घ्यायचा, की रत्नागिरीतल्या गावचं घर दुरुस्त करून तिकडे जायचं? वाद होतो तो हवा, मासे आणि ट्रॅफिक यांवरून. मी तो जनगणनेचे आकडे समोर ठेवून करून पाहिला, कारण म्हातारपणी हवेपेक्षा माणसं जास्त लागतात.

| | पुणे जिल्हा | रत्नागिरी जिल्हा |
|---|---|---|
| लोकसंख्या, २००१ | ७२,३२,५५५ | १६,९६,७७७ |
| लोकसंख्या, २०११ | ९४,२९,४०८ | १६,१५,०६९ |
| दहा वर्षांतला फरक | ३०.४ टक्के वाढ | ४.८ टक्के घट |
| हजार पुरुषांमागे स्त्रिया | ९१५ | ११२२ |
| शहरात राहणारे | ६१ टक्के | १६ टक्के |

आकडे जुने आहेत, मान्य. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. पण वाऱ्याची दिशा कळायला एवढे पुरतात.

या तक्त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटते ती चौथी ओळ. रत्नागिरीत बायका जास्त, म्हणजे तिथे मुलींचं फार कौतुक होतं असं नाही. पुरुष मुंबईला गेलेत, एवढाच त्याचा अर्थ. गिरण्यांच्या काळापासून जातच आहेत, आणि आता मुलीही शिकून निघून जातात. मागे उरतात ती सासू-सासरे आणि कुलूपबंद घरं, गणपतीत आणि शिमग्याला उघडणारी. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी गडी दिसतात ते याच कारणाने. पुण्यात नेमकं उलट. कामाच्या वयाचा माणूस, त्यातही पुरुष, बाहेरून येऊन भरती करतो. पिंपरी-चिंचवड एका दशकात १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं, ते काही घराघरांतल्या पाळण्यांमुळे नव्हे.

म्हणून रत्नागिरी ‘म्हातारी’ आणि पुणे ‘तरुण’ असं म्हणतात. २०११ मध्ये राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते. रत्नागिरीत त्यांचं प्रमाण या सरासरीच्या वर. इथेच गफलत होते. टक्का आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी. समजण्यापुरता हिशेब मांडू: पुण्यात शंभरात ९ ज्येष्ठ धरले तरी साडेआठ लाख होतात, रत्नागिरीत शंभरात १५ धरले तरी अडीच लाखांच्या आत. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, घरी येणाऱ्या आया, डबेवाल्या मावश्या या संख्येच्या मागे येतात, टक्क्याच्या नव्हे. एका वॉर्डात पाचशे ज्येष्ठ असले की हाडांचा दवाखाना चालतो. तेच पाचशे वीस वाड्यांत विखुरलेले असले की दवाखाना थाटायला कुणी येत नाही.

आता पुण्याची दुसरी बाजू. जिल्हा वाढतोय म्हणजे तुमच्या आजूबाजूला तरुण माणसं असतीलच असं समजू नका. पेठांमध्ये आणि कोथरूडच्या जुन्या भागात बिनलिफ्टच्या तीन मजली इमारतींत ज्येष्ठ जोडपी राहतात. मुलं कुणाची वाकडला, कुणाची अमेरिकेत. वाढत्या जिल्ह्यातही म्हातारे होत चाललेले कोपरे असतात. मात्र हे कोपरे म्हाताऱ्यांना सरावलेले आहेत: बागेतला कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघ, घरी औषध पोचवणारा केमिस्ट. उलट नव्या उपनगरात लिफ्ट आहे, जनरेटर आहे आणि दिवसभर बोलायला कुणी नाही.

शिवाय वाढ फुकट येत नाही. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. माणसं आधी राहायला आली, पाण्याची सोय मागून. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड गाव, सिंहगड रस्ता या पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडेच होतं. फ्लॅट बघायला जाल तेव्हा क्लब हाऊस सोडा, टँकर कितीदा येतो ते वॉचमनला विचारा.

रत्नागिरीकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर तिथेही टँकरच. या बाबतीत दोघे भाऊ-भाऊ.

औषधपाण्याचं चित्र मात्र दहा वर्षांपूर्वी होतं तसं राहिलेलं नाही. डेरवणला रुग्णालयासह वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२३ पासून सुरू आहे. अडचण इमारतीची नाही, तिथपर्यंत पोचण्याची आहे. १०८ ला फोन लागतो, पण रात्री वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत खुर्चीत बसवून न्यायला चार खांदे लागतात. हे चार खांदे तक्त्यातल्या घटलेल्या ४.८ टक्क्यांत गेले. संख्येने ऐंशी हजारांहून जास्त माणसं, आणि जाणाऱ्यांत बहुतेक धडधाकट.

खर्चाचं फार ताणत नाही. गावी घर आणि भाजी स्वस्त, पण माणूस महाग, कारण तो मिळतच नाही. पुण्यात घर महाग, कामाला माणूस मिळतो. पंचाहत्तरी उलटली की राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे. त्याचा उपयोग वाडीवरून तालुक्याला जाणाऱ्याला रोज होतो. पुणे शहरातल्या पीएमपीला तो लागू नाही.

माझा कौल विचाराल तर वाडीतलं एकटं घर सत्तरीपुढे नको, शेजारच्या दोन घरांत बारा महिने दिवा लागत असेल तरच अपवाद. पण म्हणून थेट पुणे गाठायची गरज नाही. चिपळूण, दापोली किंवा रत्नागिरी शहर हा मधला पर्याय लोक विसरतात: भाषा तीच, मासळी तीच, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर. (चिपळुणात घर घेताना २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं ते बघा, भिंतीवरची रेष विसरू नका.) पुणेच ठरलं तर मुलाच्या इमारतीतला फ्लॅट घेण्यापेक्षा जुन्या वस्तीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत, मुलापासून अर्ध्या तासावर घ्या. मुलगा उद्या नोकरीसाठी बंगळूरला गेला तरी कट्टा जागेवर राहील.

आणि ‘आधी गाव, मग आजारी पडलो की पुणे’ ही सगळ्यांची आवडती योजना मला उलटी वाटते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नव्या गल्लीत ओळखी होत नाहीत. शहर करायचंच असेल तर पाय चालतात तोवर करा, गावचं घर मे महिन्यापुरतं ठेवा.

घाई नसेल तर जूनपासून गणपतीपर्यंत गावी राहून बघा. मे महिन्यातल्या गावावरून काही ठरवू नका. तेव्हा निम्मी मुंबई तिथे असते. जुलैच्या एखाद्या संध्याकाळी, वीज गेलेली असताना, पडवीत उभं राहून किती घरांत कंदील दिसतात ते मोजा.