नौपाड्यातील एक सेवा आणि चौदा पानांचे झालेले एक पान

माझी मुलगी लांब उडी मारते आणि २०० मीटर धावते. बारावीनंतर अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयाच्या संघाकडून खेळत शिकावे, अशी तिची इच्छा आहे. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकताना २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत एनसीएएचे (अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेचे) विजेतेपद मिळवले, हे तिच्याबरोबर सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. पण तिथल्या प्रशिक्षकांपुढे आपली माहिती कशी मांडायची, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यासाठी आम्ही नौपाड्यात, राहत्या घराच्या एका खोलीत चालणाऱ्या सेवेकडे गेलो. ती चालवणाऱ्या मॅडम स्वतः तिथल्या एका महाविद्यालयाकडून धावलेल्या आहेत. त्या वर्षाला मोजकीच मुले घेतात आणि जाहिरात नको असे त्यांनी आवर्जून सांगितल्यामुळे येथे नाव देत नाही.

आमच्याकडे आधीच एक प्रोफाइल तयार होते. दुसऱ्या एका संस्थेने भरपूर पैसे घेऊन बनवलेल्या त्या चौदा पानांत शालेय चमचा-लिंबूपासूनची सगळी प्रमाणपत्रे, पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस घेतानाची छायाचित्रे आणि ‘असामान्य प्रतिभा’ अशी विशेषणे होती. मॅडमनी ते शांतपणे वाचले आणि लाल पेनाने एकेका ओळीसमोर एकच प्रश्न लिहीत गेल्या : ‘हे कुठे तपासता येईल?’ जिल्हा स्पर्धेतील ५.७४ मीटरची उडी, जिचा आम्हाला सर्वांत अधिक अभिमान होता, तीच आधी गेली, कारण तिथे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्रच नव्हते. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असला तर ती उडी विक्रमासाठी धरली जात नाही. वेग मोजलाच नसेल तर तिची इतर उड्यांशी तुलना कशी करणार, असे त्यांनी मुलीला समजावले. २०० मीटरच्या वेळेचेही तसेच झाले. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धांत वेळ स्टॉपवॉचवर घेतली जाते. पंचाचा अंगठा बंदुकीच्या आवाजानंतर हलतो, म्हणून ती वेळ फोटो-फिनिशच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या यंत्रणेने घेतलेल्या वेळेपेक्षा कमी भरते आणि तुलनेसाठी तिच्यात साधारण ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. आधीच्या प्रोफाइलमध्ये ही वेळ शतांश सेकंदांत, जणू यंत्रावर घेतल्यासारखी छापली होती. ते पाहिल्यावर प्रशिक्षक पुढचे पान उलटणार नाही, असे मॅडम म्हणाल्या, आणि मला ते पूर्णपणे पटले.

शेवटी एकच पान उरले. वर नाव, जन्मवर्ष, बारावी पूर्ण होण्याचे वर्ष, उंची आणि दहावीचे गुण; त्याखाली बालेवाडीतील राज्य स्पर्धेतली ५.५८ मीटरची उडी, तिची तारीख, वाऱ्याची नोंद आणि अधिकृत निकालाचा दुवा. मग दोन वर्षांतील प्रगती दाखवणाऱ्या चार ओळी. स्टॉपवॉचवरची एकच वेळ ठेवली, तीही तसा स्पष्ट उल्लेख करून. पहिल्या दिवशी हे पान पाहून माझी मुलगी हिरमुसली होती. आता तेच पान ती सर्वांना दाखवते.

व्हिडिओवर त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी मी कुठेच पाहिलेली नाही. एका रविवारी सकाळी साडेसहाला त्या स्वतः मैदानावर आल्या, टेक-ऑफ बोर्डच्या, म्हणजे जिथून उडी घेतात त्या फळीच्या रेषेत, बाजूला बरेच अंतर राखून तिपाईवर फोन लावला आणि सहा उड्या चित्रित केल्या. धाव, उड्डाण आणि वाळूत पडणे हे सारे एका सलग दृश्यात दिसावे, बोर्डवर पाऊल नेमके कुठे पडले ते कळावे आणि मोजपट्टी चौकटीत असावी, एवढाच त्यांचा आग्रह होता. संगीत नाही, चकचकीत अक्षरे नाहीत. एक फाऊल उडीही त्यांनी ठेवली, कारण त्या उडीत धावेची लय सर्वांत चांगली दिसत होती.

कागदपत्रांच्या बाबतीत त्यांनी आमचे डोळे उघडले. एनसीएएने महाविद्यालयांचे तीन स्तर केले आहेत, त्यांना डिव्हिजन म्हणतात. डिव्हिजन १ किंवा २ मध्ये खेळायचे असेल तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या केंद्राकडे नोंदणी करून नववी ते बारावीतील १६ मूलभूत विषय-अभ्यासक्रम दाखवावे लागतात. चित्रकला किंवा शारीरिक शिक्षण त्यांत धरले जात नाही. आपल्याकडे नववीची गुणपत्रिका कोणी जपून ठेवत नाही, आणि अकरावीला महाविद्यालय बदलल्यामुळे दोन ठिकाणांहून कागद आणावे लागतात. शाळेत आम्हाला चार खेपा घालाव्या लागल्या. हौशी खेळाडू असल्याची पडताळणीही तिथेच होते, म्हणून मुलीने रोख बक्षीस घेतलेल्या प्रत्येक शर्यतीची रक्कम आणि प्रवासखर्चाच्या पावत्या त्यांनी आमच्याकडून लिहून घेतल्या.

प्रशिक्षकांना पाठवायची पत्रे मुलीनेच लिहायची, हा त्यांचा नियम आहे. त्या फक्त तपासतात. तिच्या खेळात डिव्हिजन १ चे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी भरतीविषयी उत्तर देऊ शकत नाहीत, हे आधीच कळल्यामुळे त्या काळातील शांततेने ती खचली नाही. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत अकरावी प्रवेशाची धांदल असते, तेव्हा पालकांनी ही तारीख आधीच लिहून ठेवावी. तिने २६ पत्रे पाठवली. सात उत्तरे आली आणि दोन प्रशिक्षकांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले. त्यांपैकी एकाने फाऊल उडीविषयीच सर्वांत अधिक विचारले.

दोन उणिवा सांगायलाच हव्यात. शिष्यवृत्तीविषयी त्यांनी दिलेले टिपण जुने आहे. त्यात डिव्हिजन १ मधील महिला ॲथलेटिक्ससाठी १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा दिली आहे. परंतु २०२५-२६ पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा देणारी नवी व्यवस्था स्वीकारलेल्या महाविद्यालयांत ती मर्यादा जाऊन संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे. परदेशातून येणाऱ्या मुलीसाठी याचा अर्थ संघात शिरणेच अधिक अवघड होऊ शकते, आणि पैशांचे नियोजन करणाऱ्या पालकाला हे पहिल्याच भेटीत कळायला हवे. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल यांसारख्या आठ विद्यापीठांच्या गटात) खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, हे मात्र त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. दुसरी उणीव वेळेची : सहा आठवड्यांचे काम अकरा आठवडे चालले.

शुल्क ३२,००० रुपये, दोन हप्त्यांत. एलिजिबिलिटी सेंटरचे शुल्क आणि व्हिसाचा खर्च वेगळा. भेटी शनिवारी दुपारी असतात आणि पहिल्या भेटीला मुलाने स्वतः यावे लागते. नुसत्या पालकांशी त्या बोलत नाहीत.