मान दुखते, डोकं चढतं: सवयी बदलून बघावं की फिजिओकडे जावं?

आपली डोकेदुखी मानेतून येते की तिचं मूळ दुसरीकडे आहे, हे आधी बघायला हवं. मानेतून येणारी डोकेदुखी बहुतेक एकाच बाजूची असते. ती कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाशी सुरू होते, कानामागून वर चढते आणि कपाळात किंवा डोळ्यामागे येऊन बसते. मान वळवली किंवा बराच वेळ एकाच स्थितीत ठेवली की वाढते. मानेच्या वरच्या तीन नसांचे आणि चेहऱ्याच्या नसेचे संदेश मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी मिसळतात, म्हणून बिघाड मानेत असतो आणि कळ डोळ्यामागे येते.

डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंना दुखत असेल, तर ती बहुधा ताणाची डोकेदुखी. ठणके, मळमळ, उजेड नकोसा होणं ही अर्धशिशीची लक्षणं. अर्धशिशीतही मान दुखते, त्यामुळे अनेकजण महिनोन्‌महिने मानच शेकत बसतात. असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, बाकीचं नंतर.

माझं दुखणं पहिल्या प्रकारचं होतं, डाव्या बाजूचं. मुलुंड ते सीएसएमटी रोजचा प्रवास, खिडकी मिळो न मिळो मान फोनमध्ये, ऑफिसात लॅपटॉप, घरी दोन उशा. मी दोन्ही वाटा धरून पाहिल्या, आणि क्रम चुकल्यामुळे जवळजवळ वर्ष वाया गेलं.

सवयींच्या बाजूनं

पैसे लागत नाहीत आणि आजच सुरुवात करता येते. आपलं डोकं साधारण 5 किलोचं. 2014 साली एका अमेरिकन सर्जननं गणित मांडलं, की मान 60 अंशांत झुकवली तर तिच्यावर सुमारे 27 किलोंइतका भार येतो. हा गणिती अंदाज आहे, कुणाच्या मानेत काटा लावून केलेलं मोजमाप नाही. पण विरार किंवा कल्याणहून येणारी माणसं रोज दोन-अडीच तास तशी बसतात, तेव्हा तो नजरेआड करता येत नाही.

लोकलमध्ये बसायला मिळालं तर मांडीवर बॅग उभी ठेवायची, तिच्यावर कोपर टेकायचे आणि फोन छातीच्या वर धरायचा. उभं राहावं लागलं तर हँडल धरणारा हात दर दोन-तीन स्टेशनांनी बदलायचा, जड बॅग रॅकवर टाकायची. घरी लॅपटॉपखाली जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड. झोपताना मान सरळ रेषेत राहील एवढीच उशी, आणि पालथं झोपणं बंद. मला सगळ्यात जास्त उपयोग मात्र दर अर्ध्या तासानं उठण्याचा झाला. ताठ बसायच्या हट्टापेक्षा जागा बदलत राहणं मानेला जास्त मानवतं. जेवण चुकवणं आणि अपुरी झोप यांनीही डोकं चढतं, हे विसरू नये.

दुखणं नवं, म्हणजे दोन-चार आठवड्यांचं असेल आणि संध्याकाळी वाढून सकाळी उतरत असेल, तर आधी हेच करा. महिनाभर मनापासून करून बघा.

पण सवयींना मर्यादा आहे. सांधा आखडलेला असेल, मानेच्या पुढच्या बाजूचे खोलवरचे स्नायू कमजोर झाले असतील, तर फोन वर धरून त्यांच्यात जोर येत नाही. नवा भार तेवढा थांबतो.

फिजिओथेरपीच्या बाजूनं

इथे पुरावा चांगला आहे. ऑस्ट्रेलियात मानेतून येणाऱ्या डोकेदुखीच्या 200 रुग्णांवर झालेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांत हातानं केलेले उपचार किंवा विशिष्ट व्यायाम मिळालेल्या दोन्ही गटांची डोकेदुखी कमी झाली, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता.

मात्र 'फिजिओ' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. मी आधी एका खासगी क्लिनिकमध्ये दहा दिवस गेले. रोज शेक, करंटचं मशीन, वीस मिनिटं पडून राहायचं, प्रत्येक सिटिंगचे काहीशे रुपये. मान कुणी हातात धरून तपासली नाही, एकही व्यायाम शिकवला नाही. घरी पोचेपर्यंत बरं वाटायचं, सकाळी परत तेच. याचा मला आजही राग येतो, कारण फिजिओनं काही होत नाही असं ठरवून मी पुढचे आठ महिने गोळ्यांवर काढले.

नंतर एका सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या ताईंनी मला उताणं झोपवलं, हनुवटी छातीकडे नेऊन डोकं दोन्हीकडे वळवून पाहिलं. निरोगी मान अशा स्थितीत प्रत्येक बाजूला साधारण 44 अंश वळते. माझी डावीकडे त्याच्या निम्मीच वळत होती. मग त्यांनी हनुवटी हलकेच आत घेऊन 'हो' म्हटल्यासारखी मान हलवायची, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, एवढा साधा व्यायाम दिला. सोबत खांद्याच्या फऱ्यांचे व्यायाम. पाचव्या आठवड्यात डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले.

खर्च आणि वेळ यांचं गणित मुंबईत उलटसुलट बसतं. केईएम, सायन, नायर इथले फिजिओथेरपी विभाग किंवा हाजी अलीची पुनर्वसन संस्था इथे पैसे फार लागत नाहीत, पण केस पेपरपासून नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस धरून चला. खासगीत वेळ वाचतो. सुट्टी मिळत नसेल तर खासगीत चार-सहा सिटिंग घेऊन व्यायाम शिकून घ्यावेत आणि पुढे घरी चालू ठेवावेत, असं माझं मत.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडंसं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊ शकते. गळ्याचा पट्टा फार दिवस लावला की स्नायू आणखी ढिले पडतात. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका थोडा असला, तरी परिणाम पक्षाघातापर्यंत जातो.

अचानक आलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, हाताची पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांत सवयी आणि फिजिओ दोन्ही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना लवकर दाखवा.

दुखणं तीन महिन्यांहून जुनं, एका बाजूचं आणि मान वळवताना अडत असेल, तर सवयी बदलत असतानाच फिजिओची वेळ घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: पहिल्या सिटिंगला हातानं तपासणी करता का, घरी करायचे व्यायाम शिकवता का, आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. दुसऱ्या प्रश्नाला 'आधी दहा दिवस मशीन लावू' असं उत्तर आलं, तर दुसरीकडे फोन लावा.