अ‍ॅम्बेसेडर की पद्मिनी? दहा महिने दोन्ही चालवल्यावर

बाबांची अ‍ॅम्बेसेडर घरची, आणि मोठ्या बाबांची प्रीमियर पद्मिनी गेल्या आषाढात माझ्याकडे आली. दोन्ही पेट्रोल, दोन्हींना हँड गिअर, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या दांडीचा. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातून दहा महिने आलटून पालटून वापरल्या.

कागदावर अ‍ॅम्बेसेडरच भारी. तिचं इंजिन १४८९ सीसीचं, पद्मिनीचं १०८९. पण पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आत, त्यामुळे यवतमाळच्या डांबरी रस्त्यावर तीच चपळ वाटते. स्टिअरिंग हलकं, वळणावर गाडी हाताच्या म्हणण्यात राहते. मला ती लिटरमागे तेरापर्यंत देते, अ‍ॅम्बेसेडर दहाच्या वर जात नाही.

डांबर संपून पांदण लागली की मात्र चित्र पालटतं. अ‍ॅम्बेसेडर बैलगाडीच्या चाकोऱ्यांवरून डुलत जाते, मागे बसलेल्या आजीच्या मांडीवरचा डबा सांडत नाही. त्याच जागी पद्मिनीचं पोट दोनदा घासलं. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटली की दोघीही सारख्याच, ट्रॅक्टर बोलवा. नाल्यातून गाडी काढली की पुढे थोडं अंतर ब्रेक हलका दाबतच चालवा. चारही चाकांना ड्रम आहेत, ओले झाले की धरत नाहीत.

खरा कस एप्रिलात लागला. भर दुपारी चहाला थांबलो, परत येऊन चावी फिरवली तर पद्मिनी नुसती घरघरली. बॉनेट उघडलं तर पेट्रोल पंपाला हात लावता येईना. इंजिनाच्या तावात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. डोक्याचा दुपट्टा सोडला, कॅनच्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला. दहा मिनिटांनी पहिल्या सेल्फला सुरू! तेव्हापासून पाण्याचा कॅन डिकीतून हलत नाही. अ‍ॅम्बेसेडरनेही हे केलं, पण एकदाच.

मला एकच ठेवायला सांगितली, तर अ‍ॅम्बेसेडर ठेवीन. गावात गाडी एकट्यासाठी नसते. दवाखाना, लग्न, बाजार, सगळ्यांना सहा-सात माणसं लागतात. पद्मिनी विकायला मात्र जीव होत नाही.

जुनी घ्यायला निघाला असाल तर इंजिन नंतर ऐका. आधी खाली वाकून पत्रा बघा, पायाजवळची मॅट उचला, दाराखालच्या पट्टीवर बोटाने ठोका. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. इंजिन आमचा मिस्त्री आठवड्यात उभं करतो, सडलेल्या पत्र्याला त्याने दोनदा हात जोडलेत.