हायड्रोजन ड्रम मशीन आणि खानदेशी ठेके : बरेच महिने वापरल्यावर

हायड्रोजन हे संगणकावर ठेके रचून वाजवणारे सॉफ्टवेअर फुकट आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालते. पण सोबत येणारी किट्स (वाद्यांच्या आवाजांचे संच) बहुतेक पाश्चात्य ड्रमची, म्हणजे किक, स्नेअर, हायहॅटची. जळगाव-धुळे पट्ट्यात लग्नाची अहिराणी गाणी किंवा कानबाईची गाणी करणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. ढोलकी आणि संबळाचे स्वतःचे किट करायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

आधी ठेक्याचे गणित, कारण बहुतेक जण इथेच अडतात. केरव्याला काही त्रास नाही : ४/४ चा पॅटर्न (ठेक्याचा एक तुकडा), ग्रीड (नोटा भरायच्या घरांची जाळी) ८ वर, आठ मात्रा आठ घरांत. गोंधळ होतो तो सहा मात्रांच्या ठेक्यात. पॅटर्नची साइज ६/८ केली की सहा घरे मिळतात खरी, पण हायड्रोजनचा बीपीएम (मिनिटाचे ठोके) पाव नोट मोजतो. तीन-तीन मात्रांवर टाळी धरून मिनिटाला १०० टाळ्या पडत असतील, तर टेम्पो १५० लावावा लागतो. पुढे रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट १०० वर असेल तर बार जुळत नाहीत आणि गायकाचा क्लिक (लयीची टिकटिक) भलतीकडेच वाजतो. त्यापेक्षा पॅटर्न ४/४ च ठेवा आणि ग्रीड ८टी करा (टी म्हणजे ट्रिपलेट, पाव नोटेचे तीन भाग). एका बारमध्ये बारा घरे येतात, म्हणजे सहा मात्रांची दोन आवर्तने. टेम्पो सरळ १०० लिहायचा.

यात एक खाच आहे. मिक्सरमधला स्विंगचा नॉब ८टी ग्रीडवर काहीच करत नाही. तो फक्त सोळाव्या नोटांपैकी मधल्या, ऑफबीटच्या नोटा मागे ढकलतो. पाव नोटेचे ४८ टिक (हायड्रोजनचे वेळेचे बारीक माप) असतात. सोळावी नोट १२ टिकांची, ट्रिपलेटचे घर १६ टिकांचे. ट्रिपलेटची नोट त्या मधल्या जागी कधी पडतच नाही. नॉब बिघडला असे समजून सॉफ्टवेअर पुन्हा टाकू नका. ठेक्याला झोल हवा असेल तर नोट प्रॉपर्टीजमध्ये लीड-लॅग निवडा आणि डग्ग्याचा (जाड आवाजाच्या बाजूचा) ‘घे’ हाताने किंचित मागे घ्या. ही सरकपट्टी दोन्ही बाजूंना पाच टिकांपर्यंत जाते. १०० च्या टेम्पोला एक टिक १२.५ मिलिसेकंदांचा, म्हणजे पूर्ण ओढली तर ६२ मिलिसेकंद. तेवढ्यात ठेका लंगडतो; एका टिकाच्या आतबाहेर राहा. एका पाव नोटेतला पाच बोलांचा जलद तुकडा ४८ टिकांत नेमका बसत नाही, पण ग्रीड बंद करून जवळच्या टिकावर टाकला तर या टेम्पोला चूक फार तर पाच मिलिसेकंदांची राहते. कानाला ती लागत नाही.

आता किट. रेकॉर्डिंग मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ढोलकीला दोन्ही पुड्यांचे माइक वेगळे. प्रत्येक बोल हळूपासून जोरापर्यंत चार-पाच ताकदींत, आणि प्रत्येक ताकदीचे निदान तीन ठोके घ्या. कापताना ठोक्याच्या आधीची शांतता उडवा. ती दहा मिलिसेकंद जरी राहिली तरी तो बोल कायम उशिरा वाजतो, आणि मग माणूस उगाच पॅटर्नमध्ये दोष शोधत बसतो.

एका इन्स्ट्रुमेंटला (इथे एका बोलाला) १६ लेयर्स, म्हणजे सॅम्पलचे (रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांचे) थर मिळतात. प्रत्येक लेयरला व्हेलॉसिटीची (ठोक्याच्या ताकदीची) हद्द असते, ० ते १. नोटेची व्हेलॉसिटी लेयर निवडते आणि आवाजही कमी-जास्त करते. म्हणून हळू ठोक्याची फाइल मुळातच बारीक ठेवली तर ती दोनदा बारीक होते आणि भरीचे बोल मिक्समध्ये गायब होतात. सगळ्या लेयर्स सारख्या पीकवर (कमाल पातळीवर) आणून मगच भरा. एकाच ताकदीचे तीन ठोके एकाच हद्दीत ठेवून सॅम्पल सिलेक्शन राउंड रॉबिनवर (आळीपाळीने) लावा. संबळासाठी तर हे हवेच. जलद काडीत तोच सॅम्पल सलग चारदा वाजला की टाइपरायटर ऐकू येतो.

‘घे’ (उघडा बोल) आणि ‘क’ (बंद बोल) यांना एकच म्यूट ग्रुप नंबर द्या. बंद बोल वाजताच उघड्याची गुंज तुटली पाहिजे; नाहीतर डग्गा सगळ्या गाण्याखाली गढूळ पसरतो आणि बेस गिटारशी भांडतो.

डग्ग्याचा घुमारा मात्र इथे जमत नाही. नोटेची पट्टी (सुराची उंची) बदलता येते, पण ती नोट वाजत असताना वर-खाली सरकत नाही. घुमाऱ्याचे सॅम्पल वेगळेच घ्यायचे : एक छोटा, एक लांब. पट्टी बदलली की सॅम्पलची लांबीही बदलते, म्हणून काळी एकला लावलेली ढोलकी दोन सुरांपलीकडे ओढू नये. चाटीचा आवाज प्लास्टिकचा होतो. वेगळ्या पट्टीच्या गायकासाठी ढोलकी चढवून पुन्हा रेकॉर्ड करणेच बरे.

दुसरी मर्यादा : हे प्लगइन नाही. रीपरच्या ट्रॅकवर टाकता येत नाही, स्वतंत्रच चालते. लिनक्सवर जॅक या ऑडिओ जोडणीच्या सॉफ्टवेअरने दोन्हींची चाल जुळवता येते. विंडोजवर सरळ मार्ग म्हणजे साँग एडिटरमध्ये मुखडा, कडवे, उठाण असे पॅटर्न लावून घ्यायचे आणि एक्स्पोर्टमध्ये प्रत्येक इन्स्ट्रुमेंटचा स्वतंत्र ट्रॅक काढायचा. सोबत मिडी फाइलही काढून ठेवावी. कडवे एका ओळीने वाढले की परत एक्स्पोर्ट करावे लागते, याला इलाज नाही. रोज गाण्याची रचना बदलणाऱ्या संगीतकारासाठी हे कंटाळवाणे आहे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ च्या घरात गेला की तापलेला लॅपटॉप प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतो आणि आवाजात कटकट सुरू होते. बफर (आवाज पाठवण्याआधीचा साठा, सॅम्पलमध्ये) २५६ वरून १०२४ करा. ४८ किलोहर्ट्झला बफरचा उशीर ५ वरून २१ मिलिसेकंदांवर जातो. माउसने ठेका भरताना त्याने काही अडत नाही, पॅड बडवणाऱ्याला मात्र तो जाणवेल. वीज जाते तिथे ऑटोसेव्हची सेटिंग बघून घ्या.

गाण्याच्या फाइलमध्ये सॅम्पल्स नसतात, फक्त पॅटर्न आणि किटचा पत्ता असतो. दुसऱ्या स्टुडिओत पाठवताना किट एक्स्पोर्ट करून सोबत द्या, नाहीतर तिकडे फाइल उघडेल आणि काहीच वाजणार नाही.